फिनाईल म्हणजे उजेड

अकरावीच्या रसायनशास्त्रात एक तक्ता असतो. मिथेनमधून एक हायड्रोजन काढला की उरलेल्या गटाला मिथाईल म्हणायचे. इथेनमधून काढला की इथाईल, प्रोपेनमधून काढला की प्रोपाईल. मुलांना नियम समजला असे वाटते न वाटते तोच बेंझीन समोर येते. नियमाप्रमाणे त्याचे बेंझाईल व्हायला हवे. पुस्तक सांगते, याचे नाव फिनाईल. बरे, बेंझाईल नावाचा गटही रसायनशास्त्रात आहे, फक्त तो दुसराच आहे. पुष्कळ मुले परीक्षेत या दोघांची अदलाबदल करून गुण घालवतात. भिलाईत आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी घरोघरी चालते, आणि हा गोंधळही तितकाच घरोघरचा आहे.

त्यात भर म्हणजे मोरीच्या कोपऱ्यात ठेवलेली फिनाईलची बाटली. वहीतले फिनाईल आणि लादी पुसायचे फिनाईल एकच का? आणि बेंझीनच्या घरात हे परके नाव शिरले कसे?

बहुतेक शिक्षक ‘हा अपवाद आहे, पाठ करा’ म्हणून पुढे जातात. मला ते पटत नाही. या नावामागे शंभर टक्के समजण्यासारखे कारण आहे, आणि ते समजायला भिलाईइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल. कारण ज्या वायूमुळे हे नाव पडले तो वायू इथल्या कोक भट्ट्यांतून रात्रंदिवस निघत असतो.

पोलादाच्या कारखान्यात हे रसायन आले कुठून?

२ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. नागपूर-गोंदियाकडची कितीतरी मराठी कुटुंबे पुढे नोकरीच्या निमित्ताने इथल्या सेक्टरांत येऊन स्थायिक झाली. भिलाई म्हटले की रेल्वेचे रूळ आठवतात, दल्ली-राजहराचे लोहखनिज आठवते. कोळशापासून निघणाऱ्या रसायनांची आठवण कारखान्याबाहेर फारशी कुणाला येत नाही.

झोतभट्टीत साधा दगडी कोळसा चालत नाही. तो तापला की मऊ पडतो, चिकटतो, आणि भट्टीतून वर जाणाऱ्या वाऱ्याची वाट बंद करतो. शिवाय त्याच्यावर खनिजाचा प्रचंड भार असतो, तो त्याला पेलत नाही. म्हणून आधी कोळशाचा कोक करावा लागतो. कोक कडक असतो, सच्छिद्र असतो आणि जवळजवळ निव्वळ कार्बन असतो.

कोक करण्याची रीत अशी. विटांच्या उंच, अरुंद कोठड्या एकीला एक लागून बांधलेल्या असतात. अशा कोठड्यांच्या रांगेला कारखान्यात ‘बॅटरी’ म्हणतात. वरून कोळशाचा चुरा भरतात आणि दारे घट्ट लावतात. दोन कोठड्यांमधल्या भिंतीच्या पोकळीत वायू जाळून त्या भिंती हजार-अकराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. आत हवा नसल्यामुळे कोळसा पेट घेत नाही. तो सोळा ते वीस तास नुसता तापत राहतो आणि त्याच्यात जे जे उडून जाण्यासारखे असते ते वायुरूपाने बाहेर पडते. मग ‘पुशर’ नावाचे यंत्र एका बाजूने लालबुंद कोक ढकलते, तो दुसऱ्या बाजूच्या डब्यात पडतो आणि त्याच्यावर पाण्याचा मारा होतो. भिलाईत लांबून दिसणारे वाफेचे पांढरे लोट बऱ्याचदा तिथले असतात.

आपल्या नावाचा माग मात्र कोकात नाही, बाहेर पडलेल्या वायूत आहे. एक टन कोळशामागे साधारण सातशे ते साडेसातशे किलो कोक मिळतो. बाकीच्यातून सुमारे तीनशे घनमीटर वायू आणि तीस-चाळीस किलो डांबर निघते. भट्टीतून निघालेल्या गरम वायूवर नळीच्या वळणावरच पाण्याचे फवारे मारतात. तो थंड होतो आणि जड वाफांचे काळे, चिकट डांबर बनून खाली बसते. रस्त्यावर हल्ली पसरतात ते बिटुमेन खनिज तेलातून येते. हे डांबर त्याच्याहून वेगळे, अस्सल कोळशाचे.

पुढे वायूतला अमोनिया गंधकाम्लात शोषून घेतात. त्याचे अमोनियम सल्फेट होते आणि ते खत म्हणून शेतात जाते. शेवटी वायू तेलाने धुतात. या तेलात बेंझीन, टोल्युईन आणि झायलीन उतरतात. तेल तापवून त्यांना पुन्हा वेगळे काढले की हाती येते त्याला कारखान्यातले लोक ‘बेंझॉल’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, त्याचाही इतिहास पुढे येणार आहे. उरलेला वायू कारखान्यातच भट्ट्या तापवायला वापरतात. त्यात निम्म्याहून अधिक हायड्रोजन असतो, बराच मिथेन असतो आणि थोडा कार्बन मोनॉक्साइडही. त्याला हाताळणे जोखमीचे असते. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी भिलाईत याच वायूच्या नळीवर काम चालू असताना स्फोट झाला आणि अनेक कामगारांचे प्राण गेले. आज पुस्तकात निवांत वाचल्या जाणाऱ्या या पदार्थांमागे असे श्रम आणि असे मोल आहे.

इतकी वलयेच का निघतात?

बेंझीनच्या एका रेणूत सहा कार्बन आणि सहा हायड्रोजन असतात. सहा कार्बन षटकोनी वलयात बसलेले असतात आणि प्रत्येकाला एक हायड्रोजन चिकटलेला असतो. नॅफ्थलीन, म्हणजे कपड्यांत ठेवायच्या डांबराच्या गोळ्या, हे अशी दोन वलये जोडून बनते. पांढऱ्याशुभ्र गोळ्यांना डांबराच्या गोळ्या का म्हणतात हे आता कळेल. नॅफ्थलीन याच काळ्या डांबरातून निघते.

कोळशातून वलये निघतात याची कारणे दोन. पहिले कारण फार जुने आहे. आपला गोंडवन कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा बनलेला आहे. झाडाच्या लाकडाला ताठपणा देणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो आणि त्याच्या रचनेत ही षटकोनी वलये खच्चून भरलेली असतात. लाकूड गाडले गेले, दबले, तापले, पण वलये टिकली.

दुसरे कारण भट्टीतले. हजार अंशांच्या उष्णतेत बहुतेक रेणू फुटतात. वलयाला लोंबणाऱ्या कार्बनच्या शेपट्या आधी गळून पडतात. वलय मात्र तग धरते, कारण त्यातले सहा इलेक्ट्रॉन कुठल्याही दोन अणूंमध्ये अडकून न राहता संपूर्ण वलयावर पसरलेले असतात आणि त्यामुळे साऱ्या रेणूची ऊर्जा कमी राहते. एवढ्या आचेतून सहीसलामत बाहेर पडणाऱ्यांत म्हणूनच वलयांचा भरणा अधिक.

ज्योत पिवळी का दिसते?

आज कोक भट्टीतला हा वायू इंधन आहे. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी त्याचे काम वेगळे होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून युरोपातल्या शहरांत कोळशाचा वायू नळांनी खेळवून रस्त्यांवर दिवे लावू लागले. मुंबईच्या रस्त्यांवर असे गॅसचे दिवे १८६५ साली आले. लालबागच्या गॅस कंपनी लेनने त्या काळाची खूण अजून आपल्या नावात जपली आहे.

आता स्वयंपाकघरातल्या गॅसची ज्योत आठवा. ती निळी असते, स्वयंपाक उत्तम करते, पण तिच्या उजेडात वाचता येणार नाही. नुसता हायड्रोजन जळताना तर जवळजवळ दिसतही नाही. पिवळा उजेड देणाऱ्या ज्योतीत काजळीचे सूक्ष्म कण असतात. ते पूर्ण जळण्याआधी क्षणभर तापून चमकतात आणि तोच आपल्याला उजेड वाटतो. काजळी बनायला कार्बन जास्त हवा. मिथेनमध्ये एका कार्बनमागे चार हायड्रोजन असतात, बेंझीनमध्ये एकाला एक. म्हणून बेंझीनची वाफ ज्योतीत भरपूर काजळी धरते आणि ज्योत झळकते. कोळशाच्या वायूत बेंझीन असते थोडेच, पण जुन्या दिव्यांचा उजेड मोठ्या प्रमाणात त्या थोड्यावरच चालत असे. वायूतून बेंझीन धुऊन काढले की दिवा मंदावतो.

पुढे कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ साली मॅन्टलचे पेटंट घेतले, जे आपण पेट्रोमॅक्सच्या बत्तीत पाहिले आहे. त्यात जाळी तापून उजेड देते, ज्योत निळी असली तरी चालते. तेव्हापासून वायूतले बेंझीन दिव्यासाठी राखून ठेवायची गरज उरली नाही. पण नाव त्याआधीच पडून गेले होते.

लंडनमधले तेल, सुमात्रातला डिंक

लंडनमध्ये एक कंपनी घरोघर दिव्याचा वायू पोचवत असे. हा वायू कोळशाचा नव्हता, प्राण्यांचे तेल तापवून केलेला होता, आणि तो जबर दाबाखाली टाक्यांत भरलेला असे. दाबामुळे टाकीच्या तळाशी एक पातळ द्रव साचायचा. मायकेल फॅरडे यांनी त्या द्रवाचे पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन केले, तो गोठवला, दाबून निपटला आणि एक शुद्ध पदार्थ वेगळा काढला. तो ५.५ अंशांना गोठतो आणि ८० अंशांना उकळतो. १८२५ साली त्यांनी रॉयल सोसायटीला तो सादर केला. त्यांनी दिलेले नाव होते ‘बायकार्ब्युरेट ऑफ हायड्रोजन’. ते रुजले नाही.

सुमारे आठ-नऊ वर्षांनी जर्मनीत आयलहार्ट मिचेर्लिश यांना हाच पदार्थ अगदी वेगळ्या वाटेने मिळाला. त्यांनी बेंझोइक आम्ल चुन्याबरोबर तापवले. हे आम्ल ज्यापासून काढत तो पदार्थ आपल्या ओळखीचा आहे: लोबान. सुमात्रा आणि सयाममधल्या स्टायरॅक्स जातीच्या झाडांचा तो डिंक. अरब व्यापारी त्याला ‘लुबान जावी’ म्हणजे जावाचा लोबान म्हणत. युरोपात पोचेपर्यंत सुरुवातीचा ‘लु’ गळाला, ‘बान जावी’चे बेंझोइन झाले, त्यातून बेंझोइक आम्ल, आणि मिचेर्लिश यांनी आपल्या द्रवाचे नाव ठेवले ‘बेंझिन’. युस्टुस लीबिश यांना हे आवडले नाही. क्विनीन, स्ट्रिकनीन यांच्यासारखी ‘ईन’ शेपटी असलेले नाव वनस्पतींमधल्या अल्कधर्मी औषधांचे वाटते, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी ते बदलून ‘बेंझॉल’ केले. भिलाईच्या कारखान्यात आज रूढ असलेला शब्द तो हाच.

आणि १८३६ साली पॅरिसमध्ये तिसरे नाव जन्मले.

ओग्युस्त लोरां

ओग्युस्त लोरां यांचा जन्म १८०७ सालचा. शिक्षण खाणकामाच्या अभियांत्रिकीचे. ज्यां-बातिस्त द्युमा यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काम करताना त्यांनी नॅफ्थलीनवर प्रयोग सुरू केले. त्यातला हायड्रोजन काढून त्या जागी क्लोरीन घातला तरी पदार्थाची मूळ घडण टिकून राहते, हे त्यांना दिसले. त्यातून त्यांनी एक धाडसी विचार मांडला: सेंद्रिय रेणूला एक गाभा असतो, त्याच्याभोवतीचे अणू बदलता येतात, आणि पदार्थाचे नाव त्या गाभ्यावरून पडले पाहिजे. त्या काळच्या दिग्गजांना हे मान्य नव्हते. आज संपूर्ण सेंद्रिय रसायनशास्त्राची नामपद्धती याच विचारावर उभी आहे.

बेंझीनच्या गाभ्यासाठी लोरां यांनी नाव शोधले ‘फेन’. ग्रीक भाषेतल्या ‘फाइनो’ या क्रियापदावरून त्यांनी ते घेतले. त्याचा अर्थ प्रकाशणे, उजेडात आणणे. हा पदार्थ दिव्याच्या वायूत सापडतो, म्हणून हे नाव. भाषाभ्यासकांच्या मते या ग्रीक शब्दाचे मूळ आणि संस्कृत ‘भा’ धातूचे मूळ एकच. म्हणजे प्रभा, आभा आणि भास्कर हे फिनाईलचे दूरचे सोयरे ठरतात. संस्कृतात फेसाळ या अर्थी ‘फेनिल’ असा शब्द आहे, त्याचा मात्र इथे काही संबंध नाही.

‘आईल’ ही शेपटी आधीच तयार होती. १८३२ साली लीबिश आणि फ्रीडरिश व्योलर यांनी कडू बदामाच्या तेलावर काम करताना ग्रीक ‘हूले’ या शब्दावरून ती घेतली. हूले म्हणजे लाकूड, आणि त्यावरून मूळ द्रव्य. ‘फेन’ला ही शेपटी लागून फिनाईल झाले. उजेडाचे लाकूड, असा त्याचा शब्दशः अर्थ. भट्टीतली वलये मुळात प्राचीन झाडांच्या लिग्निनमधली, हे लोरां यांना कळण्याची सोय नव्हती. तरी नाव नेमके बसले.

१८४१ साली लोरां यांनी डांबरातून एक आम्लधर्मी पदार्थ शुद्ध रूपात मिळवला आणि त्याला ‘हायड्रेट ऑफ फिनाईल’ या अर्थाचे नाव दिले. फ्रीडलिब रुंग यांनी तो डांबरातून १८३४ मध्येच काढला होता आणि त्याला कार्बोलिक आम्ल म्हटले होते. लोरां यांचे मित्र शार्ल जेरार्द यांनी नाव आटोपशीर केले: फिनॉल. अल्कोहोलमधला ‘ऑल’ त्याला जोडलेला आहे.

लोरां यांना त्यांच्या योग्यतेची जागा मिळाली नाही. पॅरिसच्या टांकसाळीत धातू पारखण्याची नोकरी, काम करायला दमट तळघर. कॉलेज द फ्रान्समधल्या प्राध्यापकपदासाठी त्यांना डावलले गेले. १८५३ साली वयाच्या ४५ व्या वर्षी क्षयाने ते गेले. त्यांचे मुख्य पुस्तक पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. रसायनशास्त्राच्या शालेय पुस्तकांत फॅरडे असतात, बेंझीनच्या वलयाची कल्पना मांडणारे केकुले असतात, लोरां नसतात. मला ही मोठी उणीव वाटते.

डांबरातून बेंझीन मोठ्या प्रमाणात वेगळे काढायची पद्धत बसवणारे चार्ल्स मॅन्सफील्ड हेही असेच विसरले गेले. ऑगस्ट हॉफमान यांचे हे विद्यार्थी. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बेंझीन तयार करत असताना भांड्यातला द्रव उतू जाऊन पेटला आणि त्या भाजण्याने फेब्रुवारी १८५५ मध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी हॉफमान यांचे दुसरे विद्यार्थी, अठरा वर्षांचे विल्यम पर्किन, यांनी डांबरातल्या रसायनांपासून पहिला कृत्रिम जांभळा रंग बनवला आणि रंगांचा नवा उद्योग उभा राहिला.

मग बेंझाईल कोण?

आता सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर सोपे आहे. ‘बेंझ’ हे नाव आधी बेंझोइक आम्लाच्या घराण्याकडे गेले होते. त्या घराण्यात सात कार्बन असतात: वलयाचे सहा आणि वलयाबाहेर लागलेला एक. लीबिश-व्योलर यांचा बेंझॉईल गट सात कार्बनचा. बेंझाईलही सात कार्बनचा, म्हणजे वलय अधिक एक कार्बन व त्याचे दोन हायड्रोजन. मिचेर्लिश यांनी बेंझोइक आम्लातला सातवा कार्बन उडवून लावला, तरी उरलेल्या सहा कार्बनच्या पदार्थाला नाव त्याच घराण्याचे दिले. गोंधळाचे मूळ तिथे आहे. सहा कार्बनच्या गटाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा ‘बेंझाईल’ मोकळे नव्हते. लोरां यांचे फिनाईल मोकळे होते आणि अर्थपूर्णही होते.

पूर्वी आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलायची रीत होती. माहेरी कुसुम असलेली सासरी सुमती व्हायची. या वलयाचेही तसेच आहे. ते एकटे असेल तेव्हा बेंझीन, दुसऱ्या रेणूला जोडले गेले की फिनाईल.

ही फोड केवळ परीक्षेपुरती नाही. फिनाईल गटाला क्लोरीन जोडला की क्लोरोबेंझीन होते. त्यातला क्लोरीन थेट वलयाला चिकटलेला असतो आणि सहजासहजी सुटत नाही. बेंझाईलला क्लोरीन जोडला की बेंझाईल क्लोराइड होते. त्यातला क्लोरीन वलयाबाहेरच्या कार्बनवर असतो, झटकन सुटतो, आणि त्याची वाफ डोळ्यांत गेली तर डोळ्यांतून पाणी थांबत नाही. फरक एका कार्बनचा, वागणूक अगदी उलट.

> चौकट: लक्षात ठेवण्यासाठी
>
> बेंझीन: सहा कार्बन, सहा हायड्रोजन, एक वलय. नाव लोबानावरून.
>
> फिनाईल: तेच वलय, एक हायड्रोजन कमी, दुसऱ्या रेणूला जोडलेले. नाव दिव्याच्या उजेडावरून. खूण म्हणून ‘पी-एच’ ही रोमन अक्षरे किंवा ग्रीक ‘फाय’. आम्लता मोजण्याच्या पीएचशी संबंध नाही.
>
> बेंझाईल: वलय आणि त्याबाहेर एक कार्बन, एकूण सात.
>
> फिनॉल: फिनाईलला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लागली की होणारा पदार्थ. जुने नाव कार्बोलिक आम्ल.

मोरीतली बाटली

वलयाचे नाव बाटलीवर गेले ते फिनॉलमुळे. १८६० च्या दशकात इंग्लंडमधल्या कार्लाइल शहरात मैल्याची दुर्गंधी मारायला कार्बोलिक आम्ल वापरत होते. ही गोष्ट ग्लासगोचे शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांच्या कानावर आली. गटारातला कुजवा थांबत असेल तर जखमेतला का थांबणार नाही, असा त्यांनी विचार केला. ऑगस्ट १८६५ मध्ये गाडीखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर त्यांनी कार्बोलिकची पट्टी बांधली. जखम न चिघळता भरली. १८६७ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि शस्त्रक्रियेची तऱ्हाच बदलली.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा घरे आणि गटारे कार्बोलिक आम्लाने धुऊन काढली जात. तो वास दोन-तीन पिढ्यांच्या मनात ‘दवाखान्याचा वास’ म्हणून बसला. मूळच्या लाल लाइफबॉय साबणाचा वासही तोच.

काळे फिनाईल डांबरातल्या फिनॉलच्या भावंडांपासून करतात, मुख्यतः क्रेसॉल आणि त्याहून जड पदार्थांपासून. ते पाण्यात फारसे विरघळत नाहीत, म्हणून त्यांच्यात राळेचा साबण मिसळतात. बादलीत टोपणभर ओतले की पाणी दुधासारखे पांढरे होते, कारण तेलाचे असंख्य बारीक थेंब साबणाच्या आधाराने पाण्यात तरंगत राहतात आणि उजेड चहूकडे विखुरतात. बाटलीवर अनेकदा ‘आरडब्ल्यूसी’ असा आकडा छापलेला असतो. तो रिडील आणि वॉकर यांच्या १९०३ मधल्या चाचणीचा. जंतू मारण्यात हे औषध शुद्ध फिनॉलच्या किती पट आहे, हे त्यावरून कळते.

दुकानातले पांढरे फिनाईल बऱ्याचदा पाइनच्या तेलापासून केलेले असते. त्या तेलातला मुख्य पदार्थ टर्पिनिऑल. त्याच्या रेणूत बेंझीनचे वलय नाही. म्हणजे नाव फिनाईल आणि आत फिनाईल गटाचा पत्ता नाही. फसवणूक म्हणावी असे यात काही नाही, लादी पुसण्याच्या औषधाला आपण सरसकट हेच नाव देऊन टाकले आहे, एवढेच.

औषधाच्या पट्टीवरचे ‘फेन’

एकदा हे नाव ओळखता आले की ते जागोजागी भेटते. दुखण्यावरच्या आयबुप्रोफेनचे नाव त्याच्या रचनेचे तुकडे जोडून केले आहे: आयसोब्युटाईल, प्रोपिऑनिक आणि फिनाईल. शेवटचे ‘फेन’ म्हणजे लोरां यांचे वलय. डायक्लोफिनॅकच्या मधोमध तेच बसले आहे. साखरेऐवजी ॲस्पार्टेम घातलेल्या पाकिटांवर फिनाईलकिटोन्युरिया असलेल्यांनी हे घेऊ नये अशी सूचना असते. या जन्मजात आजारात अन्नातले फिनाईलॲलानिन शरीराला हाताळता येत नाही. पॅरासिटामॉल हे पॅरा-ॲसिटाईल-ॲमिनो-फिनॉल या लांबलचक नावाचे संक्षिप्त रूप. म्हणजे तापाची ही गोळी मुळात फिनॉलच आहे, इतर गट जोडून सौम्य केलेला.

रसायनांच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आययूपीएसीने, २०१३ च्या नियमावलीतही फिनाईल आणि फिनॉल ही जुनी नावे कायम ठेवली आहेत. पद्धतशीर नावे तयार करणे शक्य असूनही ती बदलली नाहीत. माझ्या मते हे योग्यच झाले.

नाव ओळखण्याचा एक उपयोग तर थेट घरातला आहे. आपले यकृत फिनॉलच्या जातीच्या पदार्थांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून ते लघवीवाटे बाहेर टाकते. मांजरांत हे काम करणारे विकर जवळजवळ नसतेच. त्यामुळे माणसाला सोसणारी मात्रा मांजराला मारून टाकू शकते. घरात मांजर असेल तर लादी काळ्या फिनाईलने पुसू नका, निदान ती पूर्ण वाळेपर्यंत मांजराला तिथे जाऊ देऊ नका, कारण ते पंजे चाटते. आणि त्याला ताप आला असे वाटले तरी पॅरासिटामॉलचा तुकडासुद्धा कधीही देऊ नका. पशुवैद्याकडे न्या.